नऊ शेपट्या आणि तीन दिवस



ऊन असताना पावसाची सर आली की महाराष्ट्रातली पोरं अंगणात धावतात आणि ओरडतात, ‘कोल्ह्याचं लगीन!’ नवरी कुठली, मांडव कुठे पडला, वऱ्हाडी कोण, हे कुणी विचारत नाही. बंगालीत अशा वेळी शेयालाचं लग्न लागतं, मल्याळममध्ये कुरुक्कनचं, तमिळमध्ये कावळ्याचं आणि नरीचं; शेयाल, कुरुक्कन, नरी, सगळे कोल्हेच. थेट जपान गाठलं तरी लग्न कोल्ह्याचंच. तिथल्या शब्दाचा अर्थ होतो कोल्ह्याच्या नवरीची पाठवणी. अकिरा कुरोसावा यांचा ‘ड्रीम्स’ (१९९०) सुरू होतो तो अशाच उन्हातल्या पावसानं. आई लहानग्याला बजावते, आज बाहेर जाऊ नकोस, कोल्ह्यांची वरात निघते आणि कुणी पाहिलेलं त्यांना खपत नाही. पोरगा जातोच. झाडाआडून त्याला वरात दिसते. दोन पायांवर चालणारी, अंगावर माणसांचे कपडे. पण चार पावलं टाकायची, थबकायचं, एकदम सगळ्यांनी मान वळवायची, पुन्हा चालायचं, ही चाल माणसांची नाही. रानात कोल्हा असाच चालतो. कुरोसावांनी शेपटीवर भर न देता चालीवर दिला, आणि म्हणून ती वरात अंगावर येते.

आजचा विषय हाच. कल्पित कोल्हेमाणसं, त्यांची संस्कृती आणि त्यांचं शरीर. कादंबऱ्या, चित्रकथा आणि संगणकावरचे खेळ यांत गेली काही वर्षं या जमातीची मोठी पैदास झाली आहे. डोक्यावर दोन टोकदार कान, पाठीमागे झुपकेदार शेपटी, स्वभाव धूर्त, झालं कोल्हेमाणूस. बाकी सगळा माणूसच. तो सकाळी उठतो, चारचौघांत जेवतो, वर्षातल्या कुठल्याही महिन्यात प्रेमात पडतो. याला जमात म्हणणं म्हणजे गणेशोत्सवातल्या नाटकात मुखवटा घातलेल्या पोराला सिंह म्हणण्यासारखं आहे. प्रस्तुत वक्त्याची तक्रार कल्पनेबद्दल नाही, आळसाबद्दल आहे. खऱ्या कोल्ह्याच्या अंगात इतकं काही भरलेलं असताना केवळ कान आणि शेपटीवर थांबायचं म्हणजे पुरणपोळीचा कागद खाण्याची तऱ्हा झाली.

आधी शब्दाचा घोळ निस्तरायला हवा, कारण मराठीत तो आहे. आपण ज्याला कोल्हा म्हणतो, जो रात्री शेताच्या बांधावर हाळी देतो आणि ज्याच्यामुळे ‘कोल्हेकुई’ हा शब्द आला, तो लांडग्याचा आणि कुत्र्याचा जवळचा भाऊबंद. पंचतंत्रातले करटक आणि दमनक त्याच्याच जातीचे. इसापाच्या गोष्टी मराठीत आल्या तेव्हा द्राक्षं आंबट म्हणणारा ग्रीक प्राणी वेगळा होता, पण त्यालाही आपण कोल्हाच म्हटलं आणि दोघांची बेरीज झाली. त्या ग्रीक प्राण्याचा आपल्याकडचा खरा नातेवाईक म्हणजे खोकड. दख्खनच्या माळरानावर राहणारं, मांजरापेक्षा थोडं मोठं, शेपटीचं टोक काळं असलेलं. सोलापूरजवळच्या नान्नजच्या गवताळ पट्ट्यात ते आजही दिसतं. कुत्रा, लांडगा आणि आपला कोल्हा या तिघांच्याही पेशीत ७८ गुणसूत्रं असतात. जपान, चीन आणि युरोपातल्या कथांमधला तांबडा कोल्हा खोकडाच्या कुळातला, त्याची मुख्य गुणसूत्रं फक्त ३४. माणसाची ४६. तेव्हा कोल्हीण आणि माणूस यांना मूल होणं सोडाच, कोल्हीण आणि कुत्रा यांचंही जमत नाही. तरी लोककथांनी हे मूल पुनःपुन्हा जन्माला घातलं. या व्याख्यानात ‘कोल्हा’ म्हटलं की तो तांबडा कोल्हा समजावा. घराघरांत रुळलेला शब्द एका तासासाठी बदलण्यात अर्थ नाही.

जपानमधल्या कोल्हेमाणसांच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक ‘निहोन ऱ्योइकी’ या नवव्या शतकातल्या बौद्ध कथासंग्रहात आहे. मिनो प्रांतातला एक माणूस बायको शोधायला घोड्यावरून निघतो. वाटेत माळावर एक बाई भेटते. दोघांचं जमतं, संसार होतो, मुलगा होतो. त्याच सुमारास घरच्या कुत्रीला पिल्लू होतं आणि ते पिल्लू या बाईला पाहिलं की गुरकावतं. ती नवऱ्याला विनवते, याला मारून टाका. नवऱ्याचा हात धजत नाही. पुढे साऱ्याचा तांदूळ कांडायचे दिवस येतात. कांडणाऱ्या बायकांना खाणं द्यायला ती उखळाच्या पडवीत जाते, आणि कुत्रं तिच्यावर झेपावतं. भीतीनं तिचं सोंग गळून पडतं, कोल्हीण होऊन ती उंचावर उडी मारून बसते. नवरा खालून म्हणतो, आपल्याला मूल आहे, मी तुला विसरणार नाही, येत जा आणि इथंच नीज. ‘ये आणि नीज’ या जपानी शब्दांवरून ‘कित्सुने’ हा कोल्ह्याचा शब्द आला असं ही कथा सांगते. भाषाशास्त्रज्ञ ते मानत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. पण नवऱ्याचं ते वाक्य व्युत्पत्तीपेक्षा मोठं आहे.

या कथेत किती नेमकं पाहिलेलं आहे बघा. कोल्हीण धान्य कांडण्याच्या जागी उघडी पडते. जिथं धान्य तिथं उंदीर, जिथं उंदीर तिथं कोल्हा. तिला ओळखतो तो माणूस नाही, कुत्रा. नान्नजच्या माळावर अबी तमीम वनक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोकडांवर प्रयोग केले. खाणं ठेवून जवळ कुत्रा आणला की खोकडं कमी खातात, मान वर करून पुनःपुन्हा बघतात. मिनोतल्या त्या सुनेचं खाणंपिणं वर्षभर असंच चाललं असणार. घरात बसून, कान दाराकडे लावून.

पुढची गंमत अशी की कथा इथं थांबत नाही. त्या मुलाला कोल्ह्यावरूनच आडनाव मिळतं. तो अंगानं दांडगा आणि पळण्यात वाऱ्यासारखा निघतो. त्याच संग्रहातल्या दुसऱ्या एका कथेत याच वंशातली चौथ्या पिढीची एक धिप्पाड बाई येते, जी बाजारात बसून व्यापाऱ्यांना लुबाडते. म्हणजे कल्पित जमातीचा वंशवृक्ष, अनुवंशिक गुण, आडनाव, सगळं बाराशे वर्षांपूर्वी तयार होतं. आजच्या कल्पनाविश्वकारांना वाटतं हे सगळं त्यांनीच सुरू केलं.

तांदळाचा धागा पुढे आणखी पक्का झाला. इनारी ही भाताची देवता आणि कोल्हा तिचा दूत. क्योतोतल्या फुशिमी इनारी देवस्थानाची स्थापना परंपरेनं ७११ साली झाली असं मानतात आणि देशभरात इनारीची सुमारे ३० हजार देवळं आहेत. दारातल्या दगडी कोल्ह्याच्या तोंडात पुष्कळदा किल्ली असते, भाताच्या कोठाराची. उंदीर खाणाऱ्या प्राण्याच्या तोंडी कोठाराची किल्ली देण्यात केवढा शेतकरी शहाणपणा आहे.

चीनमधला कोल्हा शेतापेक्षा घराशी जास्त जोडलेला. जुन्या चिनी ग्रंथांत त्याची बढतीची शिडीच दिलेली आहे. पन्नास वर्षांचा झाला की बाईचं रूप घेता येतं, शंभराव्या वर्षी सुंदर तरुणी होता येतं, हजाराव्या वर्षी स्वर्गाशी संबंध. खरा कोल्हा रानात दोन-चार वर्षंच जगतो, पिंजऱ्यात राहिला तर दहा-बारा किंवा थोडी जास्त. त्यामुळे हजार वर्षांची अट म्हणजे जवळजवळ कुणीच उत्तीर्ण न होणारी परीक्षा. हे रूपक उगाच वापरलेलं नाही. कोल्हेकथांचा सर्वांत मोठा चिनी लेखक फू सुंगलिंग (१६४०–१७१५) जन्मभर शाही परीक्षांच्या वरच्या पायरीवर नापास होत राहिला आणि श्रीमंतांच्या घरी मुलांना शिकवून पोट भरत राहिला. त्याच्या संग्रहात पाचशेच्या आसपास कथा आहेत आणि तो छापला गेला १७६६ मध्ये, त्याच्या मरणानंतर. त्यातल्या कोल्हिणी रात्री गरीब विद्यार्थ्याच्या खोलीत येतात, गप्पा मारतात, प्रेम करतात, काही घर सांभाळतात आणि त्याचा संसार मार्गी लावतात. परीक्षक ज्याला ओळखत नाहीत त्याला कोल्हीण ओळखते.

चिनी कोल्हेमाणसांची एक खोड मात्र अफलातून आहे. ती भाडेकरू असतात. मोठ्या वाड्याचा माडीवरचा रिकामा मजला, कुलूप लावलेली ग्रंथांची खोली, तिथं कोल्ह्यांचं कुटुंब येऊन राहतं. कधी रीतसर भाडं देतं, मालकाशी बोलणी करतं, वडीलधाऱ्यांना मान देतं. या कुटुंबांचं आडनाव बहुधा ‘हू’. चिनी भाषेत कोल्ह्याचा उच्चारही हू, आणि उत्तर-पश्चिमेकडून आलेल्या परक्या लोकांनाही हू म्हणत. मुंबईच्या चाळीत वरच्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं की जिन्यात जी कुजबुज व्हायची, तिला इथं आडनाव मिळालं आहे. शेजारी राहायला आले आहेत, सभ्य दिसतात, पण कुठले, खातात काय, देव कुठला, कुणाला ठाऊक नाही. कोल्हेमाणूस ही कल्पना मुळात अशा शेजाऱ्यासाठी घडली, असं म्हणायला बरीच जागा आहे.

आणि म्हणूनच तिला काळी बाजूही आहे. पश्चिम जपानच्या इझुमो भागात काही घराण्यांवर ‘कोल्हे पाळणारी’ असा शिक्का होता. त्यांच्या घरात अदृश्य कोल्हे असतात, सूपभर धान्य शेजाऱ्याकडून ओढून आणतात, आणि मुलगी सासरी गेली की तिच्यामागून ७५ कोल्हे जातात, असा समज. अशा घराशी सोयरीक करायला कुणी तयार नसे. १८९० मध्ये त्या भागात शिक्षक म्हणून गेलेल्या लाफ्कॅडिओ हर्न या लेखकानं याबद्दल सविस्तर लिहून ठेवलं आहे, आणि हा बहिष्कार विसाव्या शतकातही बराच काळ चालू होता. अभ्यासकांनी दिलेला उलगडा रोकडा आहे. ही घराणी बहुतेक गावात उशिरा आलेली आणि पैशाचा व्यवहार वाढल्यावर झटपट वर चढलेली. त्यांची श्रीमंती जुन्या घरांना पचेना, तेव्हा कोल्हे आणले. कल्पित जमात रचताना लेखक सहज लिहून जातो की हे लोक जन्मतःच लबाड. इझुमोच्या एखाद्या लग्नाच्या मुलीला हे वाक्य वाचायला दिलं असतं तर तिनं काय म्हटलं असतं, याचा विचार त्यानं एकदा करावा.

नऊ शेपट्यांची जी प्रसिद्ध कोल्हीण आहे, तिचा प्रवास तर आपल्या दारातून जातो. जपानी आख्यायिकेत तामामो नावाची देखणी, विद्वान बाई बाराव्या शतकात तोबा या सम्राटाच्या दरबारात येते आणि सम्राट आजारी पडतो. पुढे तिचं पूर्वचरित्र रचलं गेलं. त्यात ती त्याआधी चीनमध्ये राजाला नादावणारी राणी होती, आणि भारतात मगधामध्ये एका राजपुत्राची प्रिया. हा राजपुत्र म्हणजे आपला कल्माषपाद. बौद्ध कथांच्या वाटेनं तो जपानला पोचला. महाभारतात त्याला नरभक्षक बनवतो तो शाप, तिथं कोल्हीण कुठेच नाही. राजांच्या चुका बाईच्या शेपटीला बांधायची सोय मागाहून झाली. मारली गेल्यावर तिचा दगड झाला म्हणतात, आणि तो नासूच्या ज्वालामुखीच्या प्रदेशात आहे. १६८९ च्या प्रवासात कवी बाशो तो पाहून आला. जमिनीतून येणाऱ्या गंधकाच्या वायूनं तिथं किडे-पाखरं खरोखर मरतात. मार्च २०२२ मध्ये दगड दुभंगलेला आढळला आणि कोल्हीण सुटली म्हणून जपानी समाजमाध्यमांवर धमाल उडाली.

आता शेपट्या बाजूला ठेवून शरीराकडे.

डोळ्यांपासून सुरुवात करू, कारण चित्रकार तिथंच फसतो. कोल्ह्याची बाहुली उभी, चिरेसारखी. कोल्हेमाणसालाही ती सर्रास दिली जाते, दिसायला झकास दिसते म्हणून. २०१५ मध्ये २१४ प्राण्यांच्या बाहुल्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दबा धरून शिकार करणाऱ्या, समोर डोळे असणाऱ्या ६५ प्राण्यांपैकी ४४ जणांची बाहुली उभी निघाली, आणि त्यातल्या ३६ जणांची खांद्याजवळची उंची ४२ सेंटिमीटरपेक्षा कमी. जमिनीलगतच्या डोळ्याला अंतराचा अंदाज घ्यायला अशी बाहुली उपयोगी पडते. वाघ आणि सिंह उंच, त्यांच्या बाहुल्या गोल. म्हणजे पाच फुटांवर डोळे असलेल्या कोल्हेमाणसाची बाहुली गोलच हवी. उभी हवी असेल तर त्याला खाली वाकवा, दुडक्या चालीनं चालवा, त्याच्या घरांची दारं गुडघ्याएवढी करा. दोन्हीपैकी काहीही चालेल, पण काहीतरी एक ठरवा.

कान त्याहून रंजक. माणसाला २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, तांबड्या कोल्ह्याला ४८ हजारांपर्यंत. उंदराचं चिवचिवणं, गवताच्या काडीवरचा त्याचा पाय, हे त्याला दूरवरून कळतं. मग तो थांबतो, डोकं एका बाजूला कलवतो, मागचे पाय आवळतो आणि कमान करून हवेतून थेट उंदरावर उतरतो. झेक प्रजासत्ताकातल्या संशोधकांनी ८४ कोल्ह्यांच्या जवळजवळ ६०० उड्या टिपल्या आणि २०११ मध्ये निष्कर्ष मांडला. उंच गवतात किंवा बर्फात, जिथं उंदीर दिसत नाही तिथं, उत्तरेच्या किंचित पूर्वेला मारलेल्या उड्यांपैकी सुमारे ७३ टक्के यशस्वी झाल्या. बरोबर उलट दिशेच्या ६० टक्के. इतर दिशांच्या जेमतेम १८ टक्के. पृथ्वीचं चुंबकत्व कोल्ह्याला अंतर मोजायला मदत करत असावं, असा त्यांचा तर्क आहे.

म्हणजे उडी ईशान्येकडे! आपल्याकडे वास्तुशास्त्रवाले देवघर ईशान्येला सांगतात आणि जपानमध्ये तीच दिशा भुतांच्या दाराची म्हणून टाळतात. दोन्हींना पुरावा मागायला गेलं तर हाती काही लागत नाही. कोल्हेमाणसांची वास्तुविद्या मात्र पोटातून आलेली असेल. त्यांची देवळं, त्यांचे रस्ते, मूल पहिल्यांदा उभं राहिलं की त्याचं तोंड कुठे वळवायचं, सगळं त्या एका दिशेनं ठरेल. ‘अक्कल ठिकाणावर नाही’ याऐवजी ते म्हणतील, याची उडी चुकली.

शीर्षकातले तीन दिवस आता येतात. तांबडी कोल्हीण वर्षातून एकदाच माजावर येते, हिवाळ्यात, आणि गर्भ राहू शकतो असे दिवस साधारण तीन. नराचं बीजही हंगामीच, उन्हाळ्यात तो वांझ. प्रत्येकीचे तीन दिवस थोडे पुढेमागे, पण सगळ्यांचे जानेवारीच्या आसपास. गर्भकाळ ५२ दिवसांचा, पिल्लं चार ते सहा, मार्च-एप्रिलमध्ये. हे जमातीवर लावून बघा. साऱ्या गावाची मुलं एका महिन्यात जन्मलेली. पत्रिकेतला सूर्य जवळजवळ सगळ्यांचाच मीनेत. उरलेले अकरा महिने शृंगार नाही, मत्सर नाही, भावगीत नाही. आणि हिवाळा आला की कोर्ट-कचेऱ्या बंद, सैन्याला सुटी, शहाण्यासुरत्या माणसांचं भान हरपलेलं. रात्री कोल्हिणींच्या त्या लांबलचक, अंगावर काटा आणणाऱ्या किंकाळ्या. आपल्याकडे लग्नसराईत हॉल मिळत नाही म्हणून ओरड होते, इथं तर सगळं गावच मांडवात. अर्सुला ले ग्विन यांनी ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ (१९६९) मध्ये महिन्यातले थोडेच दिवस कामेच्छा जागी होणारी माणसं कल्पिली आणि त्या एका फरकातून राज्यकारभारापासून नात्यांपर्यंत सगळं उलगडत नेलं. कोल्ह्यानं ती सोय आयती दिलेली असताना कोल्हेमाणसांचे निर्माते तिच्याकडे बघत नाहीत.

कोल्हा जन्मभर एकीशी एकनिष्ठ असतो असं पुस्तकांत वाचायला मिळतं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या कोल्ह्यांची जनुकीय तपासणी झाली (२००४) आणि बरीच पिल्लं गटातल्या नराची नसल्याचं निघालं. नात्याचा पक्का धागा तिथं नवरा-बायकोत नसून बहिणी-बहिणींत आहे. डेव्हिड मॅकडोनाल्ड यांनी ऑक्सफर्डच्या परिसरातले कोल्हे अभ्यासले. एका गटात एक नर आणि अनेकदा दोन-तीन माद्या, बहुधा मायलेकी किंवा बहिणी. वीण एखादीचीच, बाकीच्या स्वतः न विता तिच्या पिल्लांना खाणं आणतात, राखतात, खेळवतात. मावशी हा या समाजाचा कणा. मराठीत ‘माय मरो, मावशी जगो’ असं पूर्वीच म्हणून ठेवलेलं आहे. कोल्हेमाणसांत ती म्हण राज्यघटनेत असेल.

पण एकत्र फक्त पिल्लं वाढतात. खाणं ज्याचं त्याचं. कोल्ह्याची शिकार उंदराएवढी. ती वाटायची कशी? लांडगे सांबर मारतात म्हणून कळपानं राहतात. कोल्हा एकटा हिंडतो, एकटा खातो, दुसरा जवळ आला की पाठ फिरवतो. कोल्हेमाणसांना पंगत हा प्रकार ऐकूनच ओशाळल्यासारखं होईल. आणि सामूहिक कोल्हेकुईही नाही, ती आपल्या कोल्ह्याची.

उरलेलं खाणं कोल्हा पुरतो. एका जागी ढीग करत नाही. इथं एक अंडं, तिथं अर्धा उंदीर, वर माती सारून नाकानं चोपतो. कॅनडातल्या एका राष्ट्रीय उद्यानात डेव्हिड हेन्री यांनी कोल्ह्यांच्या मागे महिनोन्महिने हिंडून एक चमत्कारिक गोष्ट टिपली. पुरलेलं काढून खाल्लं की कोल्हा त्या रिकाम्या खड्ड्यावर मूत्राचे दोन थेंब सोडतो. नंतर केव्हातरी तो तिथून जातो, अन्नाचा उरलासुरला वास येतो, पण थेंबाचाही येतो, आणि तो न उकरता पुढे सरकतो. हेन्रींनी याला हिशेबनिशीच म्हटलं. माणसाची सर्वांत जुनी लेखी पानं उरुकच्या मातीच्या पाट्यांवर आहेत आणि त्यांत बहुतेक धान्याचे आणि बिअरचे हिशेब. कोल्हेमाणसांनी लिपी केली तर ती वासाची असेल आणि तिचं पहिलं अक्षर ‘इथलं संपलं’ हे असेल. सह्या शेपटीनं. कोल्ह्याच्या शेपटीच्या वरच्या अंगाला एक ग्रंथी असते. तिच्या स्रावाला व्हायोलेटच्या फुलांसारखा वास येतो. शेपट्या नऊ करण्यापेक्षा ही एक नीट वापरावी.

शरद संपला की पिल्लं घर सोडतात. नर दूर जातात, काही माद्या राहतात, पण सगळ्याच नाही. २०१८ मध्ये ध्रुवीय कोल्ह्याच्या एका तरुण मादीनं नॉर्वेच्या स्वालबार्डपासून कॅनडाच्या एल्समिअर बेटापर्यंत बर्फावरून ७६ दिवसांत ३,५०६ किलोमीटर अंतर तोडलं. गळ्यातल्या पट्ट्यामुळे ते कळलं. का गेली, कुणाला सांगता येत नाही.

माणसाशी सोयरीक झाली तर कोल्ह्याचं काय होतं, हे विचारायला लोककथाच हव्यात असं नाही. १९५९ मध्ये नोवोसिबिर्स्कला दिमित्री बेल्याएव यांनी फर-उद्योगातल्या रुपेरी कोल्ह्यांची निवड सुरू केली. त्यांच्या आनुवंशशास्त्रज्ञ भावाला स्टालिनच्या काळात गोळी घातली गेली होती, त्यामुळे आनुवंशिकतेचा प्रयोग करतोय असं उघडपणे म्हणायची सोय नव्हती. निकष एकच, माणसाला न भिणं. दहाव्या पिढीत १८ टक्के कोल्हे माणसाशी लगट करू पाहणाऱ्या, सर्वांत माणसाळलेल्या गटात आले, विसाव्या पिढीत ३५ टक्के. काहींचे कान लोंबले, काहींच्या शेपट्या वळल्या, काही माद्या नेहमीच्या हंगामाबाहेरही माजावर येऊ लागल्या. बेल्याएव यांच्या सहकारी ल्युडमिला त्रूत यांनी हे काम त्यांच्या मृत्यूनंतर दशकानुदशकं चालवलं. १९७४ मध्ये त्या पुशिंका नावाच्या कोल्हिणीसह एका छोट्या घरात राहायला गेल्या. उन्हाळ्यातल्या एका रात्री त्या बाहेर बाकावर बसल्या होत्या, पुशिंका पायाशी. दूरवर पावलं वाजली. पुशिंका उठली, अंधारात धावली आणि कुत्र्यासारखी भुंकली. आलेला माणूस पहारेकरी होता. त्रूत त्याच्याशी शांतपणे बोलताहेत हे पाहून ती गप्प झाली. मिनोतल्या सुनेला कुत्रं भुंकलं होतं, इथं सूनच भुंकली.

या प्रयोगावर २०१९ मध्ये गंभीर आक्षेप आला. ते कोल्हे मूळचे कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या फर-फार्मांतल्या कोल्ह्यांच्या वंशातले, तिथं आधीच माणसाळत आलेले, आणि अंगावरचे पांढरे ठिपके प्रयोगाच्या आधीपासून होते. आक्षेप रास्त आहे. सगळं काही कोऱ्या पाटीवर घडलं असं आता म्हणता येणार नाही. पण भीती कमी करायला पुष्कळ पिढ्या आणि कठोर निवड लागते, ही गोष्ट राहतेच. कोल्हेमाणूस आपल्यात राहायला येतो तेव्हा त्याच्या पाठीशी असा एखादा बेल्याएव होता का, हे लेखकानं ठरवलेलं असावं.

मराठीत याचा नमुना आहे. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘सत्तांतर’मध्ये वानरांची टोळी घेतली, त्यांना माणसाची बोली दिली नाही, कपडे दिले नाहीत, टोळीवरचा हक्क एका नराकडून दुसऱ्याकडे कसा जातो एवढंच दाखवलं. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. कोल्हेमाणसं रचणाऱ्यानं उलटा प्रवास करायचा आहे, माणसात प्राणी घालण्याचा. पण तयारी तीच लागते, आधी बघत बसण्याची.

जपानी रंगभूमीनं ती तयारी कशी केली, ते सांगून थांबतो. १७३४ मध्ये ओसाकात ताकेदा इझुमो यांचं एक बाहुलीनाट्य आलं. एक बाहुली तिघांनी चालवायची रीत त्यातच सुरू झाली असं मानतात. त्यात कुझुनोहा नावाच्या बाईचं रूप घेतलेली कोल्हीण आहे, आबे नो सेइमेइ या पुढे गाजलेल्या ज्योतिष्याची आई. खरी कुझुनोहा घरी येऊन ठेपते आणि हिला निघून जाणं भाग पडतं. काबुकीत हा प्रसंग आजही बघायला मिळतो. मूल झोपेतून उठून तिला बिलगतं. ती त्याला कडेवर घेते आणि निरोपाची कविता सरकत्या दाराच्या कागदावर लिहायला लागते. उजवा हात मुलात गुंततो तसा कुंचला डाव्या हातात जातो, काही अक्षरं उलटी उमटतात. मूल सोडत नाही. दोन्ही हातांनी त्याला धरून ती कुंचला दातांत घेते आणि उरलेल्या ओळी तोंडानं लिहिते. पिल्लू हलवायचं, भक्ष्य आणायचं, ते पुरून वर माती चोपायची, कोल्हीण हे सगळं तोंडानंच करते. नटाच्या तोंडातून कुंचला खाली पडतो तेव्हा कागदावरची शाई अजून ओली असते.